सातव्या नियमावर उभे चारशे जण

नाही, पण मला सांगा, वाऱ्याने छत्री उलटली यात माझा काय दोष? ती टुर्डिस गल्लीभर सांगत फिरते की अफवा सोलफ्रिडने उठवली, सोलफ्रिडच्या तोंडात तीळ भिजत नाही, सोलफ्रिडला अर्धं ऐकून पूर्ण सांगायची खोड आहे... अहो, बर्गनच्या वाऱ्यापावसात जन्म काढलेल्या बाईने असं बोलावं? इथे छत्री म्हणजे निघताना छत्री आणि परतताना काड्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! तुम्हाला सांगते, मी आपली सरळ पायऱ्या चढत होते, एका हातात माशाच्या वड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि वरून समोरच्या सुनिवाच्या दारातून दोन दाढीवाले उतरत होते, विद्यापीठातले, पाठीला सॅक, पायात चिंब बूट. आता पायऱ्या एवढ्या अरुंद, दोघं खाली येताहेत, एक बाई वर जाते आहे, तर कानावर काही पडणारच की नाही? का मी कानात बोळे घालून चढू? तर त्यातला उंच होता तो दुसऱ्याला म्हणत होता, "सातवाच पोकळ निघाला तर संपलं रे सगळं. त्याच्यावर चारशे जण उभे आहेत. ते सगळे एकदम खाली..."

आणि फाडकन माझी छत्री उलटली.

खाली काय? खाली येणार? खाली बघत होते? खाली जेवायला बसणार होते? मी छत्रीशी झटापट करून मान वर काढते तोवर ते दोघे बेकरीच्या वळणावरून दिसेनासे झाले. आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने यातून काय समजावं? सुनिवाच्या घरामागे दगडी भिंत आहे, जुनी, शेवाळाने हिरवीगार झालेली, थरावर थर रचलेली, आणि भिंतीच्या वर अख्खी टेकडी, टेकडीवर घरं, घरांत माणसं. चारशे तर सहज असतील! आमच्या गावात पाऊस थांबेना झाला की लोक आभाळाकडे बघत नाहीत, दरडीच्या धास्तीने टेकडीकडे बघतात. मी मनात सातवा थर मोजला आणि घराकडे धूम ठोकली. एवढंच. ह्याला अफवा म्हणतात? ह्याला शेजारधर्म म्हणतात!

घरी आले ती स्वेरेच्या डोक्यावरच जाऊन उभी राहिले. स्वेरे म्हणजे माझा नवरा. जन्मभर बोटीवर इंजिन सांभाळलं, आता घरी बसून मला सांभाळतो असं त्याचं म्हणणं. ह्या माणसाचा एक गुण आहे, कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही. आणि एक अवगुण आहे, कुठलंही काम संपवत नाही. मी म्हटलं, सुनिवाची भिंत पोकळ आहे. तो म्हणाला, कोण म्हणतं? मी म्हटलं, विद्यापीठ म्हणतं. झालं! हातोडी घेऊन निघाला. मी तोवर टुर्डिसला सांगितलं, कारण टुर्डिस आमच्या गल्लीच्या मंडळाची अध्यक्ष, तिला नाही सांगायचं तर कुणाला? टुर्डिसने वरच्या दोन घरांना सांगितलं, त्यांनी सामान बांधायला घेतलं, आणि इकडे स्वेरे भिंतीला कान लावून टक, टक, टक... आणि सातव्या थरावर ठप! एक दगड निखळला, स्वेरेच्या पायाजवळून घरंगळला, पायरी, पायरी, पायरी, आणि थेट टुर्डिसच्या पत्रपेटीवर. चेपली ना ती! आता ह्यालाही माझीच छत्री जबाबदार?

खिडकी उघडली. सुनिवाने मान बाहेर काढली. केस पिंजारलेले, चष्मा डोक्यावर, हातात पेन्सिल. म्हणाली, "स्वेरे, माझी भिंत का फोडतोयस?"

स्वेरे म्हणाला, "पोकळ आहे म्हणे. चारशे माणसं खाली येणारेत."

सुनिवा आधी हसली. खो खो हसली. आणि मग एकदम हसायची थांबली, खिडकीची चौकट धरली आणि म्हणाली, "भिंत नव्हे रे. माझा लेख."

तुम्हाला सांगते, वीस वर्षं ही बाई माझ्या समोरच्या दारात राहते. पन्नाशीची असेल, एकटी, एकच पिवळा रेनकोट, आणि माणूस असं की घराची किल्ली माझ्याकडे, माझी तिच्याकडे. पण करते काय, हे मला धड कधी कळलं नव्हतं. ठिपके आणि रेघा, एवढं माहीत होतं. ठिपके काढते, ठिपक्यांना रेघांनी जोडते आणि त्याचा पगार घेते. आमच्या गावात ह्या ठिपकेवाल्यांचं मोठं ठाणं आहे, जगभरातून लोक येतात, पायऱ्यांवरून घसरतात, ठिपके काढतात आणि जातात. मी कधी खोलात शिरले नाही. पण त्या दिवशी शिरले. वाफल्यांचं पीठ घेऊनच शिरले, कारण नुसती विचारपूस करायला गेलं की लोक दारातून वाटेला लावतात, पण पिठाचं भांडं हातात असलं की आत घ्यावंच लागतं.

मी वाफले करत होते, ती सांगत होती. म्हणाली, "आपल्या गल्ल्याच घे. कोपरे म्हणजे ठिपके, गल्ल्या म्हणजे रेघा. समज, दुग्नादच्या दिवशी..." दुग्नाद म्हणजे आमचा वसंतातला साफसफाईचा दिवस, सगळ्या गल्लीने मिळून राबायचं, त्या दिवशी माणूस आजारी पडत नाही, फार तर मरतो. "...समज, दुग्नादला प्रत्येक गल्लीच्या एका तरी टोकाला झाडू घेतलेलं माणूस हवं. कमीत कमी किती माणसांत भागेल?"

मी म्हटलं, "टुर्डिसला विचार."

"आणि टुर्डिसला अख्खं शहर दिलं तर?"

"तरी सांगेल. चुकीचं सांगेल, पण सांगेल."

हसली बिचारी. म्हणाली, अख्खं शहर एकदम घेऊन बसलं तर जगातलं कुठलंही यंत्र दमेल, म्हणून आधी फेकायला शिकायचं. ज्या कोपऱ्यामुळे उत्तर बदलत नाही तो कोपरा काढून टाकायचा, मग दुसरा, मग तिसरा, असं करत करत उरतो तो छोटासा गाभा, त्याच्याशी डोकं फोडायचं. तिचं नेमकं कोडं ह्याच्याहून वाकडं आहे म्हणाली, पण कल्पना हीच. मी म्हटलं, म्हणजे तळघर आवरण्यासारखंच की! ती म्हणाली, "अगदी तसंच. फक्त फेकलेलं पुन्हा लागणार नाही ह्याची सिद्धता द्यावी लागते." हे तू स्वेरेला समजाव म्हटलं, आमच्या तळघरात तुटक्या वल्ह्यांचं अख्खं कुटुंब नांदतंय.

तर वीस वर्षांपूर्वी हिने आणि वॉर्साच्या वितोल्डने मिळून लेख लिहिला. तो वितोल्ड तेव्हा इथेच होता, वरच्या गल्लीत खोली घेऊन, बीटरूटचं सूप करायचा आणि सगळ्या जिन्याला वास लावायचा. तर लेखात फेकण्याचे सात नियम. सहांची सिद्धता दिली. आणि सातव्यापाशी आल्यावर पानं संपली! परिषदेला म्हणे मोजकीच पानं चालतात, त्यावर एक ओळ नाही. मग अशा वेळी ह्या जातीचे लोक जे करतात तेच ह्यांनी केलं. एक वाक्य लिहिलं. हे वाक्य कान देऊन ऐका, माझ्या संसारात आता रोज ऐकू येतं. लिहिलं, "सविस्तर सिद्धता पूर्ण लेखात."

मी म्हटलं, "आणि पूर्ण लेख कुठाय?"

सुनिवाने खिडकीबाहेर बघितलं. म्हणाली, "पाऊस थांबला वाटतं."

बाहेर धो धो कोसळत होता.

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. अहो, बावीस वर्षं स्वेरेबरोबर संसार केलाय, हा चेहरा मी ओळखत नाही? नंतर करू, नंतर करू म्हणता म्हणता इकडे तिला नोकरी लागली, तिकडे वितोल्डला जुळी झाली, आणि पूर्ण लेख राहिला. आणि तोवर लोकांनी त्या अर्ध्या लेखाचा दाखला द्यायला सुरुवात केली. ह्या लोकांत दाखला म्हणजे मोठी गोष्ट हो! आमच्याकडे कुणाच्या घरी कितीजण कॉफीला येतात ह्यावरून जशी पत ठरते, तशी ह्यांच्यात कितीजण तुझा दाखला देतात ह्यावरून ठरते. हिचे चारशे झाले. त्या सातव्या नियमावर कुणी आठवा रचला, कुणी नववा, कुणी त्यावर घर बांधलं, कुणी गच्ची चढवली.

स्वेरे दारात उभा राहून ऐकत होता, हातोडी अजून हातात. तो म्हणाला, "चारशे जणांनी वाचलं आणि एकालाही कळलं नाही?"

सुनिवा म्हणाली, "दाखला दिला म्हटलं मी. वाचलं असं कुठे म्हटलं?"

वाचलं एकीने. वीस वर्षांत पहिल्यांदा. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा गावची जुसारा नावाची मुलगी, तिथल्या विद्यापीठात नुकतीच शिकवायला लागलेली. तिने अदबीने कळवलं होतं की सातवा नियम मला काही केल्या पटवून घेता येत नाही, बहुधा माझंच काहीतरी चुकत असेल. सुनिवा म्हणाली, माझंच चुकत असेल असं जो लिहितो ना, त्याचं सहसा चुकलेलं नसतं.

आणि हे सगळं कधी? तर त्याच महिन्यात त्या लेखाला बक्षीस जाहीर झालेलं! साधंसुधं नव्हे. काळाच्या कसोटीला उतरलेल्या लेखाचं बक्षीस! म्हणजे वीस वर्षं लोटली, अजून उभा आहे, म्हणून सत्कार. जूनमध्ये दक्षिणेत कुठेतरी उन्हाच्या गावी, मोठी सभा, हिने व्यासपीठावर जायचं, लेखाबद्दल बोलायचं आणि हार... हार म्हणजे काचेचं काहीतरी देतात. ते दोन दाढीवाले सांगायला आले होते की बाई, आता गप्प बसा, बक्षीस घेऊन या, मग सवडीने बघू. वर म्हणे ह्यात वाईट काही नाही, सगळेच करतात.

मी म्हटलं, "मग तू काय ठरवलंस?"

तिने वाफल्यावर तपकिरी चीजचा काप ठेवला, नीट कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि म्हणाली, "उभं असेल तर का उभं आहे ते लिहीन. पडलं तर कसं पडलं ते लिहीन. पण ह्या खेपेला लिहीन. आणि लिहून होईस्तोवर त्या व्यासपीठावर पाय ठेवणार नाही."

मी तिथल्या तिथे ठरवलं, ही लिहिणार तर लिहिणार, मध्ये कोण येतं बघतेच मी! दुसऱ्या दिवसापासून तिच्या पायरीवर माझी खुर्ची. विद्यापीठातलं कुणी आलं, ती नाही. मीटर बघायला माणूस आला, ती नाही. दाढीवाले आले, ती नाही, आणि तुमच्या बुटांनी पायऱ्या घाण होतात. माशाच्या वड्या आत सरकवायच्या, रिकामी बशी बाहेर घ्यायची. वड्या थंड झाल्यावर उभ्याउभ्याच खायची, मी बघितलंय.

आणि मी नुसती बसले नव्हते हं, मी मदतही करत होते. मी म्हटलं, सातव्या नियमाऐवजी सहावाच दोनदा लावला तर? नाही म्हणाली. मी म्हटलं, सातव्याचा उल्लेखच गाळला आणि आठवा नंबर दिला तर? नाही म्हणाली. मी म्हटलं, ठिपके जरा लांब लांब काढले तर? बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी आशेने विचारलं, काही सुचलं का? म्हणाली, "नाही गं. तुझ्या चष्म्याची काडी वाकडी आहे एवढंच बघत होते."

इथवर सगळं ठीक होतं, पण मध्ये आला दुग्नाद! मेच्या पहिल्या शनिवारी. मी टुर्डिसला हळूच म्हटलं, ह्या वर्षी सुनिवाला सोडू या. टुर्डिस अशी बघायला लागली की जणू मी चर्चची घंटा विकायला काढली.

"सोडू या म्हणजे?"

"म्हणजे तिला काम आहे. मोठं काम आहे. चारशे माणसांचा प्रश्न आहे."

"चारशे माणसांचा प्रश्न मागच्याही वेळी होता, त्यात माझी पत्रपेटी गेली. अगं, तिचा लेख तर माझा गुडघा. मी येतेच ना गुडघा घेऊन?"

"तिला सिद्धता द्यायचीय गं."

"तिने आधी हजेरी द्यावी. सिद्धता नंतर."

आता ह्या बाईपुढे काय बोलणार? गल्लीत चर्चा सुरू झाली, सुनिवा दुग्नादला येणार नाही म्हणे. तुम्हाला नाही कळायचं ते. इथे घटस्फोट चालतो, दिवाळं चालतं, दुग्नाद चुकवणं चालत नाही. मी भांडायच्या तयारीने पदर... म्हणजे रेनकोट खोचून उभी, तर शनिवारी सकाळी सुनिवाच आली. पिवळा रेनकोट, रबरी हातमोजे, हातात झाडू. टुर्डिसने तिला बेकरीच्या कोपऱ्यावर उभं केलं. ती उभी राहिली. नुसती उभी राहिली! झाडू हनुवटीखाली, डोळे गटारावर. पाणी वाहतंय, पानं वाहताहेत, ही बघतेय. जाणारे येणारे म्हणतात, वा, सुनिवा कामाला लागली. टुर्डिससुद्धा लांबून मान डोलावून गेली.

तासाभराने तिने फोन काढला. हातमोजे ओले, फोन कानाशी धरता येईना, म्हणून स्पीकर लावून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आता अरुंद गल्ली, दोन्हीकडे लाकडी घरं, स्पीकर लावल्यावर ऐकू येणारच की नाही? मी काय झाडू टाकून पळू? वितोल्ड होता. चार वर्षं इथे राहिलेला, आमची भाषा बोलतो, फक्त र जरा जाड. मागे भांड्याचा आवाज, शनिवारचं सूप चाललं असणार.

सुनिवा म्हणाली, "वितोल्ड, मी महिनाभर माझे सगळे कागद उपसले. सातव्याची सिद्धता तू कुठे ठेवलीयस?"

"मी? ती तू लिहिली होतीस ना?"

"मी पहिले सहा लिहिले. सातवा तुझा होता."

"सातवा माझा? अगं, तू मला म्हणालीस सातवा सरळ आहे, म्हणून मी घातला."

"मी सरळ आहे म्हटलं, कारण तू घातला होतास."

गल्लीभरचे झाडू थांबले. गटारातलं पाणी तेवढं बोलत होतं, आणि तिकडे वॉर्सामध्ये सूप खदखदत होतं. तुम्ही बघा, एवढी शिकलेली दोन माणसं, त्यांच्या मागे चारशे शिकलेली माणसं, आणि सगळ्यांच्या पायाखाली काय, तर 'मला वाटलं तू केलंस'! आमच्या घरात हे रोज होतं हो. दार लावलंस? मला वाटलं तू लावलंस. पण आमच्या दारावर कुणी मजले चढवत नाही!

पलीकडच्या कोपऱ्यावरून टुर्डिसचा आवाज आला, "मंडळाच्या शिडीचं अगदी असंच झालं होतं. वरच्यांना वाटलं खालच्यांकडे आहे."

"सापडली का?" सुनिवाने विचारलं.

"छे. नवी घेतली."

सुनिवा हळूच हसली. वाकून तिने फोन उचलला, हातमोज्याने पुसला आणि म्हणाली, "वितोल्ड, गॅस बंद कर आणि कागद घे. आपण नवी घेतोय. मी जुसाराला जोडून घेते, तिचंच बरोबर होतं."

मग काय, तिघं जुंपले. सुनिवाच्या स्वयंपाकघरात एका पडद्यावर वॉर्सा, एका पडद्यावर फोर्तालेझा, आणि मध्ये माझ्या वड्या. त्या जुसाराने कधीच उलट उदाहरण काढून ठेवलं होतं, फक्त मोठ्या माणसांना कसं सांगावं म्हणून संकोचली होती. सुनिवाने मला दाखवलं ते, कागदी रुमालावर मावेल एवढंसं, आठ ठिपके. सातवा नियम म्हणतो हा ठिपका फेकून द्या. फेकला की उत्तर चुकतं. संपलं. एवढ्याशा ठिपक्याने वीस वर्षं उभं असलेलं... मला रडूच आलं. मी म्हटलं, "म्हणजे संपलं गं सगळं?"

ती म्हणाली, "नियम संपला. काम नाही." आणि रुमाल घडी करून नाक पुसायला मला दिला, उदाहरणासकट.

त्या बाईला मी त्या दिवसांत पाहिलं, तुम्हाला सांगते. मेच्या सतराला, आमच्या राष्ट्रीय दिनाला, सगळं गाव नटून मिरवणुकीला गेलं, झेंडे, बँड, आइस्क्रीम, ही खिडकीत. मी म्हटलं, पाच मिनिटं ये. आली. राष्ट्रीय पोशाख, चांदीच्या पिनांसकट, आणि पायात घरातल्या चपला. बँड गेला, ही आत गेली. नवा नियम उभा करायची, जुसारा तो पाडायची. पुन्हा उभा करायची, वितोल्ड पाडायचा. आणि एका सकाळी मी बशी घ्यायला गेले तर तिघंही गप्प बसलेले, कुणालाच पाडता येत नव्हता! जुना नियम म्हणायचा, फेकून फेकून टोपलीभर उरतं. नवा म्हणतो, टोपलीभर नाही, गाडाभर उरतं. पण उरतं ते मोजकंच, आणि फेकलेलं पुन्हा लागत नाही. लिहायला घेतलं तर साठावर पानं झाली. एक ओळ गाळली नाही. मी मुद्दाम विचारलं, कुठे ते वाक्य बिक्य? म्हणाली, "ते वाक्य ह्या घरात कुणी उच्चारायचं नाही."

जूनमध्ये गेली. आधी बक्षीसवाल्यांना सगळं कळवलं, बक्षीस परत घ्या म्हणाली. ते म्हणाले, परत घेण्याची आमच्यात पद्धतच नाही. मग ही व्यासपीठावर चढली, पहिल्याच चित्रात ते आठ ठिपके दाखवले, हा लेख कसोटीला का उतरला नाही ते आधी सांगितलं, कसा उतरेल ते नंतर, आणि जुसाराला वर बोलावून काच तिच्या हातात दिली. हे मला दाढीवाल्यांनी सांगितलं, पायऱ्यांवरच, ह्या खेपेला पूर्ण, वारा पडलेला होता. सांगताना उंच होता त्याने डोळे पुसले. नाक सोलवटून घेऊन आली सुनिवा, उन्हाची सवय कुणाला!

आता तुम्ही विचाराल, त्या चारशेंचं काय झालं? मीही विचारलं. आले का सगळे खाली? तर नाही! बहुतेकांना गाडाभर चालत होतं, ते होते तिथे उभे. काहींना एक पायरी उतरावं लागलं. आणि पुरता कोसळला तो एकच लेख, आणि तो कुणाचा म्हणता? सुनिवाचाच, नंतरचा! तिने त्याचंही लिहून टाकलं, कसा पडला ते. म्हणजे दाढीवाला म्हणत होता ते खोटं नव्हतं, चारशेंत एक जण खाली आलाच. टुर्डिसला मी हे ऐकवलं. म्हटलं, बघ, अफवा थोडी तरी खरी निघाली. ती म्हणाली, पत्रपेटी पूर्ण चेपली त्याचं काय?

मात्र परवा मला राहवलं नाही. वर्ष उलटलं ना आता. कॉफी घेता घेता म्हटलं, सुनिवा, नव्या लेखाचे दाखले किती झाले गं?

"तीन."

"कुणाकुणाचे?"

"एक वितोल्डचा, एक जुसाराचा, एक माझा."

"आणि जुना?"

"जुना वाढतोच आहे. चारशे तीस झाले."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, अगं, चुकीचा आहे ना तो? सगळ्या जगासमोर सांगितलंस ना? ती म्हणाली, "जुना बारा पानांचा आहे, नवा साठांचा. वाचायचाच नसेल तर माणूस बारा पानांचाच न वाचलेला बरा, नाही का?" आणि वाफल्यावर चीज ठेवलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि शांतपणे पुढच्या कुठल्यातरी ठिपक्यांकडे वळली. मला वाटतं तिला खरंच फरक पडत नाही. मला पडतो! मी दाढीवाल्यांना गाठून दम देणार आहे, एकेक दाखला वसूल करून आणीन.

बाकी तुम्हाला सांगते, भिंत अगदी शाबूत आहे. सगळी गल्ली साक्षीला आहे, थरावर थर, काही पोकळ नाही. फक्त सातव्या थरात स्वेरेने पाडलेलं भगदाड तसंच आहे, त्यावर त्याने फळी ठोकलीय, आणि तो निखळलेला दगड वर्षभर आमच्या दारात पडलाय, मी त्याला ओली छत्री टेकवून ठेवते. सुनिवा बोलत नाही, पण मला लाज वाटते हो. काल पुन्हा म्हटलं, अहो, त्या बाईने साठ पानं लिहिली, तुमच्याने एक दगड बसवून होत नाही? कधी बसवणार? तर कॉफीच्या कपातून नाकसुद्धा वर न काढता म्हणतो, "सविस्तर पूर्ण लेखात."